समजून घ्यायचं म्हणजे सोमवारी सकाळी काय करायचं?

टीम सांभाळणाऱ्याने माणसांना समजून घ्यावं, हे आता कोणी नाकारत नाही. पण या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर असा आहे की, तत्त्व पटतं आणि कामाच्या रेट्यात ते कुठे बसवायचं तेवढं कळत नाही. आमचं मत उत्तरांआधीच सांगून टाकतो. समजून घेण्यात दोन कामं असतात: नीट विचारणं, आणि जे कळलं त्यानुसार कामात काहीतरी बदलणं. मन लावून ऐकलं, पण कामाचा भार, मुदत, अपेक्षा यांतलं काहीच हललं नाही, तर समोरच्याच्या पदरात गोड शब्दांपलीकडे काही पडलेलं नसतं.

प्रश्न : माझ्या टीममध्ये आठ जण आहेत. त्यांतल्या एका अतिशय चांगल्या सहकाऱ्याचं काम गेले दोन महिने उशिरा येतंय, चुकाही वाढल्यात. ‘सगळं ठीक ना?’ असं दोनदा विचारलं; ‘हो, ठीक आहे’ एवढंच म्हणाला. खोदून विचारलं तर खासगी आयुष्यात नाक खुपसल्यासारखं होईल, नाही विचारलं तर काम आणखी बिघडेल.

उत्तर : ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येतं, म्हणून माणूस सुटतो. त्यातही वरिष्ठाने जाता-जाता, चार लोकांसमोर विचारलं असेल तर दुसरं उत्तर येणारच नाही.

आधी तयारी करा. गेल्या दोन महिन्यांतल्या दोन-तीन ठोस गोष्टी तारखेसह लिहून काढा. ‘तुझं लक्ष नसतं’ हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. ‘मागच्या तीन अहवालांपैकी दोन मुदतीनंतर आले आणि तिसऱ्यात दोन ठिकाणी आकडे जुळत नव्हते’ ही नोंद आहे. नोंदीवर बोलता येतं. निष्कर्षावर फक्त बचाव करता येतो. अर्धा तास मोकळा ठेवा, दार बंद, फोन उलटा. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी असं बोलणं काढू नका, कारण मग तो माणूस सुट्टीभर एकटाच त्याचा विचार करत बसतो. आदल्या दिवशी विषयही सांगा: ‘उद्या अकराला अर्धा तास बसू. मागच्या तीन अहवालांबद्दल बोलायचंय. कारवाईचा विषय नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. नुसतं ‘उद्या जरा भेट’ असा निरोप मिळाला की माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी बचावाची तयारी करून येतो.

सुरुवात नोंदीने करा आणि लगेच विचारा: ‘हे तुझ्या नेहमीच्या कामासारखं नाही, म्हणून विचारतोय. कामात काय अडतंय?’ यानंतर गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण ती पाळा. बहुतेक मॅनेजर तिसऱ्या सेकंदाला न राहवून स्वतःचाच अंदाज पुढे करतात, ‘घरी काही झालंय का?’, आणि समोरच्याला तोच अंदाज मान्य करणं सोपं जातं. ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ हा लोकप्रिय सल्लाही इथे कमी पडतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं ओळखण्याची अचूकता वाढली नाही. त्या माणसाला थेट विचारल्यावर मात्र वाढली. तेव्हा ओळखायचा खटाटोप सोडा आणि विचारा.

विचारायचे प्रश्न कामाशी बांधलेले असावेत. ‘गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?’ ‘यातलं कोणतं एक काम थांबलं तर फरक पडेल?’ ‘माझ्याकडून काय वेगळं हवं?’ जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे दुरुस्त्या शेवटच्या दिवशी येतात आणि तुला रात्री बसावं लागतं, असंच ना?’ तो ‘तसं नाही’ म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्यानंतर जे सांगेल तीच खरी माहिती. कारण पुष्कळदा ऑफिसातच निघतं: दोन वरिष्ठ एकाच वेळी काम देतायत, नवी प्रणाली कोणी नीट शिकवलेली नाही, एखाद्या मीटिंगमध्ये कोणीतरी सगळ्यांसमोर अपमान केलाय. म्हणून सुरुवात कामापासून; घर मागून, तेही त्याने स्वतः काढलं तर.

घरचं कारण निघालंच, तर आजाराचं नाव विचारू नका, उपाय सुचवू नका, स्वतःच्या नातेवाइकांचे दाखले देऊ नका. एवढंच विचारा: ‘कामाची आखणी करायला यातलं मला काय माहीत असायला हवं, आणि ते कोणाला सांगितलेलं तुला चालेल?’ ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. छळाची तक्रार, कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न अशी गोष्ट निघाली तर ती पुढे न्यावी लागते, आणि हे बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलण्यात डोकावला, तर स्पष्ट शब्दांत विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच तज्ज्ञांची मदत मिळवा. तिथे मॅनेजरची भूमिका सोबत करण्याची आहे, उपचाराची नाही.

उठण्यापूर्वी एक बदल आणि एक तारीख ठरवा. उदाहरणार्थ, ‘पुढचे तीन आठवडे मासिक अहवाल तुझ्याकडे नाही, बाकीची दोन कामं ठरल्या मुदतीत, तीन आठवड्यांनी याच वेळी पुन्हा बसू.’ त्याच दिवशी हे दोन ओळींत लिहून त्याला पाठवा. नेमकी इथेच गाडी अडते. बोलणं छान होतं, मन हलकं होतं, आणि मासिक अहवाल पुन्हा त्याच्याच टेबलावर येऊन पडतो. असं एकदा झालं की पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. आणि इतकं करूनही तो ‘ठीक आहे’ वर ठाम राहिला, तर जबरदस्ती नको. कामाची अपेक्षा स्पष्ट सांगा, पुढची तारीख द्या, ‘काही सांगावंसं वाटलं तर मला वेळ आहे’ म्हणा आणि थांबा. न सांगण्याचा हक्क त्याला आहे.

प्रश्न : एका सहकारिणीला काही आठवड्यांसाठी काम कमी करून दिलं. आता बाकीचे कुरकुरतायत: तिला सवलत आणि आम्हाला ओझं. एकाला दिलं की सगळे मागणार, हीही भीती आहे.

उत्तर : कुरकुर करणाऱ्यांचं बरंचसं बरोबर असण्याची शक्यता आहे. आधी आकडे मांडा. पाच जणांची टीम, प्रत्येकी आठवड्याला ४० तास. एकीचे १० तास कमी केले तर उरलेल्या चौघांवर कागदावर अडीच-अडीच तास येतात. प्रत्यक्षात असं वाटप होत नाही. ते काम येणारा एखादाच असतो, किंवा ‘नाही’ न म्हणणारा एखादा असतो, आणि दहाच्या दहा तास त्याच्याच अंगावर पडतात. एकाबद्दल दाखवलेल्या समजूतदारपणाची किंमत दुसऱ्याने गुपचूप चुकवावी, ही व्यवस्था अन्यायाचीच आहे. विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा आजारी माणूस नाही, त्यांनी उशिरापर्यंत थांबायला काय हरकत, असं गृहीत धरलं जातं. त्यांना कोणी विचारलेलंही नसतं.

म्हणून काम कमी करताना त्या १० तासांची यादी करा आणि प्रत्येक कामाबद्दल याच क्रमाने ठरवा: हे थांबवता येईल का, नाही तर पुढे ढकलता येईल का, तेही नाही तर कोणाला देता येईल, आणि ज्याला दिलं त्याचं कोणतं काम काढून घ्यायचं. बहुतेक जण थेट वाटपापासून सुरू करतात, कारण थांबवायचं किंवा ढकलायचं म्हटलं की वरच्यांशी बोलावं लागतं. ते बोलणं हे तुमचं काम आहे. चार आठवडे ज्या अहवालाविना चालेल, तो चार आठवडे बंदच ठेवा.

सवलतीला मुदत हवी. ‘बरं वाटेपर्यंत’ असं म्हटलं की घेणाऱ्यालाही अपराधी वाटत राहतं आणि देणाऱ्यालाही कधी थांबायचं ते कळत नाही. चार आठवडे, मग आढावा, लागल्यास आणखी चार. टीमला सांगताना कारण उघड करायची गरज नाही: ‘पुढचे चार आठवडे अमुक काम तिच्याकडे नसेल. कारण सांगायचं की नाही हे ती ठरवेल. त्यातली ही दोन कामं आपण थांबवतोय, एक तुझ्याकडे येतंय आणि त्याबदली तुझं हे काम पुढच्या महिन्यात.’ ही वाक्यं तिला आधी दाखवून घ्या.

‘सगळे मागतील’ याची भीती नको, मागू द्या. सगळ्यांना सारखंच मिळालं पाहिजे असं नाही, पण सगळ्यांना मागायचा मार्ग सारखा हवा आणि निकष सारखे हवेत. एक वही ठेवा: गेल्या सहा महिन्यांत कोणी काय मागितलं, काय दिलं, का नाकारलं. आपल्यासारखं बोलणाऱ्या, आपल्या वयाच्या, आपल्या जवळ बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला लवकर कळवळा येतो. वहीत ते लख्ख दिसतं. आणि सवलत मिळूनही ठरलेलं कमी झालेलं काम सलग दोन आढाव्यांत झालं नाही, तर तो विषय आता कामगिरीचा आहे. त्यावर वेगळं बसून, स्पष्ट बोला. ते टाळलं तर बाकीच्या चौघांचा विश्वास जातो.

प्रश्न : टीम घरून काम करते. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती केली तर माणसं अधिक जोडली जातील का?

उत्तर : सक्ती नको. चेहरा दिसल्याने माणूस कळतोच असं नाही, थकवा मात्र वाढतो. त्यापेक्षा प्रत्येकाशी आठवड्याला २०–२५ मिनिटं एकट्याने बोला, त्यातली पहिली दहा मिनिटं विषय त्याने निवडावा, आणि ही भेट कधीही परस्पर रद्द करू नका. पुढे ढकलायची तर नवी वेळ त्याच निरोपात द्या. संदेश रात्री लिहिलात तर सकाळी जाईल असा लावा. ‘लगेच उत्तर नको’ असं लिहिलं तरी वरिष्ठाचा संदेश रात्री वाजला की बघितला जातोच.

प्रश्न : वार्षिक वाढ रद्द झालीय आणि ते टीमला मला सांगायचंय. निर्णय माझा नाही, मलाही पटलेला नाही. कमीत कमी दुखेल असं कसं सांगू?

उत्तर : ते दुखणारच. तुमच्या हातात आहे तो सांगण्याचा प्रामाणिकपणा, आणि त्याने खरोखर फरक पडतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका कंपनीने कंत्राटं गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी केले. एका ठिकाणी प्रमुखाने सुमारे दीड तास बसून हिशेब दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसरीकडे पंधरा मिनिटांत घोषणा उरकली. त्या काळात दोन्हीकडे कामगारांकडून होणाऱ्या चोऱ्या वाढल्या, पण नीट सांगितलं तिथे त्या बऱ्याच कमी होत्या. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाणही घोषणा उरकलेल्या कारखान्यात जास्त होतं. कपात दोन्हीकडे सारखीच होती.

पहिल्या दोन मिनिटांत बातमी द्या. लांबलचक प्रस्तावनेने माणसं धास्तावतात. मग निर्णय कोणी, कशाच्या आधारावर घेतला, कोणते पर्याय पाहिले ते सांगा. जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही, अमुक तारखेपर्यंत विचारून सांगतो’ म्हणा, आणि त्या तारखेला उत्तर मिळालेलं नसलं तरी तेवढं सांगायला या. ‘मला समजतंय तुम्हाला काय वाटतंय’ हे वाक्य टाळा, कारण कोणाचा कर्जाचा हप्ता अडणार आहे ते तुम्हाला समजलेलं नसतं. ‘ही बातमी वाईट आहे’ एवढं पुरे. ‘नोकरी टिकली हेच नशीब समजा’ हे तर तोंडातून येऊच देऊ नका. निर्णय पटलेला नसेल तर वर बोला. टीमसमोर ‘मीही तुमच्यासारखाच’ म्हणून हात झटकलेत तर त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नाही, एवढंच त्यांना ऐकू येईल. सभेनंतर दोन दिवसांत प्रत्येकाला दहा मिनिटं एकट्याने द्या. रागावलेले सभेत बोलतात. घाबरलेले एकट्याने भेटल्यावर.

प्रश्न : मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही. ‘काही शंका?’ विचारलं की सगळे मान हलवतात आणि आठवड्याने तीच अडचण माझ्यावर आदळते.

उत्तर : एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. नोंदी उलट जास्त निघाल्या. त्या टीममध्ये चुका बोलून दाखवल्या जात होत्या, बाकीकडे त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षिततेची संकल्पना सविस्तर आली: इथे चूक कबूल केली, प्रश्न विचारला तर आपली नाचक्की होणार नाही, हा टीममधला सामाईक विश्वास.

तो भाषणाने येत नाही. तुमचं मत सगळ्यांच्या शेवटी सांगा. वरिष्ठ आधी बोलला की चर्चा तिथेच संपते. ‘काही शंका?’ ऐवजी ‘ही योजना फसली तर कशामुळे फसेल?’ असं विचारा आणि तीन मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या, मग एकेकाने एकच मुद्दा वाचावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही दिलेलं पहिलं वाक्य. ‘बरं झालं आत्ताच कळलं. आता काय लागेल?’ हे ते वाक्य असावं. ‘हे झालंच कसं?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी, आणि तोही पद्धतीत काय चुकलं हे शोधण्यासाठी. चारचौघांत एकदा कोणाला झापलंत तर महिन्यांची मेहनत वाया जाते, कारण ते बाकी सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

प्रश्न : माझ्या हाताखाली माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे सहकारी आहेत. त्यांचं काम मागे पडतंय. त्यांचा मान राखून कसं सांगू?

उत्तर : मान राखायचा म्हणून न सांगणं, हा त्यांचा अपमानच ठरतो, त्यांना सुधारायची संधीच मिळत नाही आणि वार्षिक आढाव्यात एकदम धक्का बसतो. आधी दोन कौतुकं, मध्ये तक्रार, शेवटी पुन्हा कौतुक, ही पद्धत वापरू नका. अनुभवी माणूस ती लगेच ओळखतो आणि पुढे तुमच्या खऱ्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाही.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारली, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावली. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की अभिप्राय उलटण्याचा धोका वाढतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणून बोलणं कामावरच ठेवा: ‘या पाच फाइलींपैकी तीन परत आल्या, तिन्हींत तपासणीची पायरी राहिली होती. तुम्हाला यात कुठे अडचण येते?’ वयाचा, पिढीचा, ‘नव्या तंत्राचा’ उल्लेख नको. शिकवणी लागणार असेल तर ती एकट्याने, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि त्यांच्यापेक्षा फार कनिष्ठ माणसाला सगळ्यांसमोर शिकवायला बसवू नका. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान खरोखर लागतं तिथे त्यांचा सल्ला घ्या. समजूत काढण्यासाठी घेतलेला सल्ला त्यांना कळतो.

प्रश्न : सगळ्यांचं ऐकून-ऐकून मीच रिकामी होते. संध्याकाळी घरच्यांशी बोलायचीही ताकद उरत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : नाही. दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगात उतरवून घेणं आणि त्याचं भलं व्हावं म्हणून काही करावंसं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी २०१४ च्या लेखात त्या वेगळ्या मांडल्या: पहिलीत माणूस थकतो आणि पुढे-पुढे दूर पळू लागतो, दुसरीत मदतीची इच्छा टिकते. तुम्ही बहुधा पहिलीत अडकला आहात.

ऐकताना कागदावर दोन रकाने करा: ‘माझ्या हातातलं’ आणि ‘माझ्या हाताबाहेरचं’. मुदत, कामाची वाटणी, रजा, कोणाशी बोलून देणं हे पहिल्या रकान्यात. नवऱ्या-बायकोचं भांडण, जुना आजार, कर्ज हे दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातल्या एका गोष्टीवर त्याच आठवड्यात कृती करा. दुसऱ्यातल्या गोष्टीसाठी समुपदेशक, डॉक्टर किंवा एचआर यांपैकी कोणाकडे जाता येईल ते सांगा. अशा भेटी दिवसाला दोनच्या वर घेऊ नका, लागोपाठ तर नाहीच. मध्ये किमान पंधरा मिनिटं. ‘आत्ता मी नीट ऐकू शकणार नाही, उद्या दहाला पूर्ण अर्धा तास देते’ असं म्हणणं अर्धवट कानाने ऐकण्यापेक्षा कितीतरी चांगलं. तातडीची बाब मात्र याला अपवाद.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अतिताणातून येणाऱ्या बर्नआउटच्या तीन खुणा नोंदवल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही एकत्र आणि आठवडेच्या आठवडे दिसत असतील, तर डॉक्टरांना भेटा आणि तुमच्या वरिष्ठांकडे वेळ मागा. जाताना हिशेब न्या: आठवड्यातले किती तास माणसांशी बोलण्यात जातात, किती तुमच्या स्वतःच्या कामात, आणि दोन्ही मिळून ठरलेल्या तासांच्या किती वर जातात. बारा-पंधरा माणसं थेट तुमच्याकडे असतील, तर त्यांतल्या काहींची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्या अशी मागणी करा, आणि उत्तर कधी मिळेल ती तारीख घेऊनच बाहेर पडा.